'होल्ड' आणि 'धरणे' : एका इंग्रजी क्रियापदाच्या अर्थ-व्युत्पत्तीची तासगाव परिसराच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजीच्या तासाला 'होल्ड' हे क्रियापद आले की त्यापुढे फळ्यावर 'धरणे' असे लिहावयाचे आणि पुढील शब्दाकडे वळावयाचे, ही आपल्या महाविद्यालयांतील रूढ पद्धत आहे. विद्यार्थ्यांच्या हाती असणारे बहुतेक संक्षिप्त कोशही याच पर्यायाने आरंभ करतात. त्याचा परिणाम उत्तरपत्रिकांत दिसतो. 'सभा धरली', 'न्यायालयाने असे धरले', 'तो अध्यक्षपद धरतो' अशी वाक्ये लिहिली जातात. आपण ती लाल शाईने दुरुस्त करतो आणि कडेला 'सभेचे आयोजन केले', 'पद धारण करतो' असे लिहून देतो. चूक दुरुस्त झाल्याचे समाधान मिळते. परंतु चूक का झाली, याचा विचार सहसा होत नाही.

तासगाव परिसरातील महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बहुधा द्राक्षबागेच्या, बेदाण्याच्या किंवा गोठ्याच्या कामाशी परिचित असतो. त्याच्या बोलीत 'धरणे' या क्रियापदाचे अनेक अर्थ नित्य वापरात असतात. ते त्याला शिकवावे लागत नाहीत. असे असूनही इंग्रजी 'होल्ड'समोर तो गोंधळतो. याचे कारण त्याच्या शब्दसंग्रहाची उणीव हे नसून दोन क्रियापदे परस्परांची प्रतिशब्द आहेत हे आपले गृहीतक होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'होल्ड' आणि 'धरणे' यांची उगमस्थाने भिन्न आहेत, त्यांचे प्रवास भिन्न आहेत आणि ती मुठीत पकडण्याच्या अर्थापाशी, म्हणजे वाटेतील एका मुक्कामावर, भेटतात. त्या एका भेटीवरून सर्व प्रवास एकच मानल्याने अध्यापनात चुका होतात, आणि कायद्याच्या भाषेत तर त्याहून गंभीर परिणाम घडतात, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. 'होल्ड'चे मूळ : मूठ नव्हे, कळप

आधुनिक इंग्रजी भाषकाला 'होल्ड' म्हटले की हाताची पकड आठवते. इतिहास मात्र वेगळा आहे. प्राचीन इंग्रजीतील 'हेआल्दन' हे या क्रियापदाचे पूर्वरूप. जर्मन 'हाल्टेन', डच 'हाउडन', प्राचीन नॉर्स 'हाल्दा' ही त्याची भावंडे. या कुळातील ज्या भाषेत विस्तृत लेखन सर्वांत आधी उपलब्ध होते ती गॉथिक. चौथ्या शतकात वुल्फिला याने केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात 'हाल्डन' हे क्रियापद येते, ते गुरे अथवा डुकरे चारण्या-राखण्याच्या अर्थाने. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात त्या पुत्राला डुकरे चारण्यासाठी शेतावर पाठविले जाते, तेथे हेच क्रियापद योजिले आहे. अन्यत्र डुकरांच्या राखणदारांसाठी याच क्रियापदाचे धातुसाधित रूप आले आहे.

यावरून 'होल्ड'च्या अर्थविकासाचा क्रम सामान्यतः असा मांडला जातो : जनावरांवर लक्ष ठेवणे, त्यांची राखण करणे, मग सांभाळणे, ताब्यात ठेवणे, मग सत्ता चालविणे, आणि त्याच प्रवाहात हाताने घट्ट धरणे. 'बेवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात नायकाने पन्नास हिवाळे राज्य नीट राखले, हे सांगताना याच क्रियापदाचे रूप वापरलेले आहे. तेथे पकड अभिप्रेत नाही. राखण अभिप्रेत आहे.

गॉथिकच्याही मागे जाण्याचा प्रयत्न झालेला आहे. काही अभ्यासकांनी या क्रियापदाचा संबंध 'हाकणे' या अर्थाच्या एका मूळ भारत-युरोपीय धातूशी जोडला असून संस्कृतातील 'कालयति' म्हणजे 'हाकतो' हे रूप त्याच्या तुलनेसाठी दिले आहे. ही उपपत्ती सर्वमान्य नाही. तथापि तिचा रोखही मुठीकडे नसून कळपाकडेच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हे जुने अर्थ आज पूर्णपणे लोपलेले नाहीत. 'बिहोल्ड' म्हणजे पाहणे. 'बि' या उपसर्गासह 'राखणे, लक्ष ठेवणे' यातून 'पाहणे' हा अर्थ निघाला. राखणदाराचे मुख्य काम डोळ्यांचे असते, हे शेतावर रात्र काढलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. 'हाउसहोल्ड' या शब्दात घर मुठीत नाही, सांभाळात आहे. 'अपहोल्स्टरर' हा गाद्या-खुर्च्या मढविणारा कारागीरही 'अपहोल्ड' म्हणजे वस्तू सुस्थितीत राखणे याच अर्थातून जन्मला. आपल्या आडवळणाच्या रेल्वे स्थानकाला आपण 'हॉल्ट' म्हणतो, तो शब्द जर्मन 'हाल्टेन'च्या आज्ञार्थी रूपापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे तोही या कुळातलाच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ध्वनिसाम्य दिसले की नाते जुळविण्याचा मोह होतो. जहाजाच्या तळातील मालाच्या कोठारालाही इंग्रजीत 'होल्ड' म्हणतात. परंतु तो शब्द मुळात पोकळी या अर्थाच्या शब्दापासून आला आणि 'होल्ड' क्रियापदाच्या प्रभावाने त्याचे रूप बदलले. 'थ्रेशोल्ड' म्हणजे उंबरा, याचा उत्तरार्धही 'होल्ड'शी निश्चितपणे जोडता येत नाही. मराठीतही 'धार' आणि 'धारकरी' हे शब्द 'धरणे'च्या कुळात घालण्याची चूक होते. शस्त्राची धार हा शब्द वेगळा आहे. व्युत्पत्ती हा आवडीचा प्रांत असला तरी तेथे पुरावा नसलेल्या नात्यांची गर्दी फार आहे.

२. मराठीतील समांतर प्रवास : पाळणे आणि राखणे

'होल्ड'चा जो क्रम वर दिला, त्याच्याशी जुळणारी क्रियापदे मराठीत शोधू गेल्यास 'धरणे' समोर येत नाही. 'पाळणे' आणि 'राखणे' समोर येतात. 'पाळणे' हे संस्कृत 'पाल्' म्हणजे रक्षण करणे यापासून आणि 'राखणे' हे 'रक्ष्' पासून आले. आपण गुरे पाळतो, शब्द पाळतो, सण पाळतो, वेळ पाळतो, सोयर-सुतक पाळतो. जर्मन भाषक आजही जनावरे पाळण्यासाठी आणि दिलेला शब्द पाळण्यासाठी एकच 'हाल्टेन' वापरतो. इंग्रजीत मेजवानी, उत्सव, दरबार 'होल्ड' करतात, त्याचा उगमही या 'पाळण्या'त आहे. तेथे एखादा नेम सांभाळण्याची कल्पना आहे.

राज्यकारभाराकडे झालेला प्रवासही सारखाच आहे. 'गोपाल'मधील 'पाल' पुढे 'भूपाल' होतो, 'राज्यपाल' होतो आणि 'नगरपालिका' या शब्दातही येऊन बसतो. गायी राखणाऱ्याचे क्रियापद राज्य राखणाऱ्याकडे गेले, ही घटना इंग्लंडात आणि महाराष्ट्रात स्वतंत्रपणे घडली. दोन्हीकडचा समाज गुराख्यांचा आणि शेतकऱ्यांचा होता, हे तिचे सरळ स्पष्टीकरण आहे.

'राखणे'चा पसाराही पाहण्याजोगा आहे. बाग राखणे, मान राखणे, अंतर राखणे, दाढी राखणे, शिल्लक राखणे. आणि त्यातूनच 'राखीव'. द्राक्षे उतरणीला आली की बागेत राखण बसते. तो राखणदार घडाला हात लावीत नाही. हात न लावणे हेच त्याचे काम असते. 'होल्ड'चे आदिम चित्र याच्या अगदी निकटचे आहे. म्हणून ऐतिहासिक दृष्टीने पाहता 'होल्ड'चा मराठी प्रतिशब्द 'राखणे' हा होय. 'धरणे' हा त्याच्या अनेक उपयोगांपैकी एकाचा प्रतिशब्द होय.

३. 'धरणे'चे मूळ : आधार

आता 'धरणे'कडे वळू. संस्कृत 'धृ', प्राकृत 'धरइ', मराठी 'धरणे' ही वाट सुस्पष्ट आहे. 'धृ'चा मूलार्थ तोलून धरणे, आधार देणे, स्थिर ठेवणे असा आहे. 'धरणी' ही सर्वांना तोलून धरणारी, म्हणून धरणी. 'धर्म' हा शब्दही याच धातूचा. भारत-युरोपीय कुळातील याच धातूपासून लॅटिन 'फिर्मुस' म्हणजे दृढ हा शब्द निघाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यापासून इंग्रजी 'फर्म', आणि मध्ययुगीन लॅटिनमधील 'फिर्मा' म्हणजे ठराविक देणे, बांधीव खंड, यापासून 'फार्म'. म्हणजे इंग्रजीतील शेत या अर्थाचा 'फार्म' हा शब्द मुळात जमिनीचा नव्हता, जमिनीवरील ठरलेल्या आकाराचा होता. 'धरणे'चे इंग्रजीतील रक्ताचे नातेवाईक शोधावयाचे तर ते 'होल्ड'पाशी नाहीत, 'फर्म' आणि 'फार्म'पाशी आहेत.

मूलार्थ आधाराचा असल्यामुळे मराठी 'धरणे'चे एक वैशिष्ट्य निर्माण झाले आहे. इंग्रजी 'होल्ड' बहुधा दुसऱ्या वस्तूवर चालते. मराठी 'धरणे' अनेकदा कर्त्याच्या स्वतःच्याच अवस्थेवर चालते. धीर धरणे, मौन धरणे, अबोला धरणे, उपास धरणे, आशा धरणे, डूख धरणे या प्रयोगांत कर्ता बाहेरचे काही पकडत नाही. तो स्वतःला एका स्थितीत स्थिर करतो. निसर्गाच्या बाबतीतही तेच. रोप मूळ धरते, लावलेल्या कलमाने जीव धरला की माणूस निश्चिंत होतो, बाळ बाळसे धरते, पाऊस झड धरतो, जमीन ओल धरते. दुखण्यातही हे क्रियापद सुटत नाही : पाठ धरते, मान धरते, आणि अखेर माणूस अंथरूण धरतो.

शेतीच्या व्यवहारात तर या क्रियापदावाचून पान हलत नाही. आटपाडीकडचा डाळिंब उत्पादक मृग बहार धरावयाचा की हस्त बहार, याचा विचार करतो. 'बहार धरणे' या दोन शब्दांत झाडाला ताण देणे, पाणी तोडणे, छाटणी करणे आणि मग योग्य वेळी पाणी सोडणे अशी कामांची मालिका सामावलेली आहे. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे निघतात. भाव पटला नाही तर शेतकरी माल शीतगृहात 'धरून ठेवतो'. येथे इंग्रजी 'होल्ड' आणि मराठी 'धरणे' क्षणभर एकत्र येतात, कारण इंग्रज व्यापारीही भाव येईपर्यंत माल 'होल्ड' करतो. हिशेबातही धरणे आहे : 'वाहतूक धरून किती झाले?', 'मला धरून पाच जण'. विचारातही आहे : 'गृहीत धरणे', 'धरून चालणे', 'नियमाला धरून'. 'जबाबदार धरणे' या प्रयोगात तर दोन्ही भाषा पुन्हा शेजारी बसतात.

ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो. पटवर्धनांनी उभारलेल्या, सात मजली गोपुरासाठी ओळखल्या जाणाऱ्या या देवालयाच्या रथाचा दोर हजारो हात धरतात. 'दोर धरला' हे वाक्य इंग्रजीत जसेच्या तसे 'होल्ड'ने सांगता येते. दोन क्रियापदे भेटतात ती या ठिकाणी, मुठीत. परंतु त्याच रथापुढे कोणी नवसाचा उपास 'धरला' असेल, तर तेथे इंग्रजीला दुसरे क्रियापद शोधावे लागते.

४. धरण आणि धरणे

'धरणे' या एका धातूपासून मराठीने दोन नामे घडविली, जी या परिसराच्या आधुनिक इतिहासात समोरासमोर उभी राहिली : पाणी अडविणारे 'धरण' आणि दारात बसून केलेले 'धरणे'.

दारात धरणे बसण्याची रूढी जुनी आहे. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि ऋणकोलाही अन्न घेणे अवघड करी. पकडला कोण जातो, हा येथे खरा प्रश्न आहे. धरणेकरी दुसऱ्याच्या अंगाला हात लावीत नाही; तो स्वतःला त्या दारात स्थिर करतो, आणि त्या स्थिरतेने दुसरा अडतो. म्हणजे हा प्रयोग 'मौन धरणे', 'उपास धरणे' यांच्या जातीचा आहे. देवाच्या दारातही धरणे धरले जाई. टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत या रूढीचे वर्णन केले असून ती पत्रे १८१३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत, दैवी कोपाची भीती घालून एखाद्यास काही करावयास लावण्याच्या अपराधाचे उदाहरण म्हणून 'धरणे' हा शब्द कलम ५०८ खाली येतो. ही संहिता २०२४ मध्ये रद्द होईपर्यंत ते उदाहरण कायद्यात राहिले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही या शब्दाची नोंद आहे. इंग्रजीला येथे आपले 'होल्ड' पुरले नाही. तिने आपला शब्द उचलला, ही बाब भाषांतराच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी.

महात्मा गांधींनी १९२१ मध्ये, कलकत्त्यातील विद्यार्थ्यांनी अवलंबिलेल्या धरण्याला जुन्या रानटीपणाचे पुनरुज्जीवन म्हणून विरोध केला होता. त्यांच्या मते त्यात समोरच्यावर जबरदस्ती होती. पुढे हाच शब्द सनदशीर निदर्शनाचा वाचक झाला. अपराधाचे उदाहरण म्हणून कायद्यात बसलेला शब्द नागरिकाच्या हक्काचा वाचक व्हावा, हा अर्थपरिवर्तनाचा लक्षणीय प्रकार होय.

दुसऱ्या बाजूला 'धरण'. १९५४ मध्ये काम सुरू झालेल्या कोयना धरणापासून सातारा-सांगली भागात 'धरणग्रस्त' हा शब्द रुळला. धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी धरणे धरावे, या वाक्यात एकाच धातूची दोन अपत्ये परस्परांविरुद्ध उभी आहेत. एक पाणी अडविते, दुसरे अडविणाऱ्याला अडविते. मात्र सर्वच धरणांची कथा ही नव्हे. तासगाव तालुक्यातून वाहणाऱ्या येरळा नदीवर, वरच्या अंगाला खानापूर तालुक्यातील बलवडी-तांदुळवाडी येथे १९८० च्या दशकात लोकांनी चळवळीतून 'बळीराजा धरण' उभारले. नदीतील वाळूच्या विक्रीतून त्यासाठी पैसा उभा करण्यात आला, आणि पाण्याचे वाटप करताना भूमिहीनांचाही हक्क मानण्यात आला. येथे धरण्याच्या मार्गाने धरण आले. जमीन ज्याच्या नावे आहे त्याचेच पाणी, हे समीकरण त्या लोकांनी नाकारले; आणि हा मुद्दा आपल्याला कायद्यातील 'होल्ड'कडे घेऊन जातो.

५. कायद्यातील 'धारणा'

इंग्रजी कायद्यात जमीन 'होल्ड' केली जाते. 'फ्रीहोल्ड', 'लीजहोल्ड', 'होल्डिंग' हे शब्द या क्रियापदाचे. 'टेनन्ट', 'टेन्युअर' हे त्याच अर्थाच्या लॅटिन 'तेनेरे'चे. सरंजामी व्यवस्थेत जमीन अंतिमतः राजाची. इतर सर्वजण ती वरच्याकडून घेऊन राखणारे. या व्यवस्थेत 'होल्ड' हे क्रियापद चपखल बसते.

मराठी मुलखाने जमिनीशी असलेले नाते वेगळ्या क्रियापदांनी सांगितले. शेतकरी जमीन कसतो, जमीन वाहतो. त्यातून 'वहिवाट' आली. तो जमीन भोगतो. त्यातून 'भोगवटादार' आला, जो सात-बाराच्या उताऱ्यावर आजही टिकून आहे. १९४८ च्या कायद्याच्या नावात 'कुळवहिवाट' हा शब्द आला, आणि 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा याच क्रियापदांच्या बळावर उभी राहिली. कसणे आणि वाहणे या क्रियापदांत श्रम आहे. मातीला हात लावल्याशिवाय ही क्रियापदे चालत नाहीत.

याउलट १९६१ च्या अधिनियमाचे शीर्षक 'महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम' असे आहे. त्यात जमीन 'धारण करणे' म्हणजे मालक अथवा कूळ या नात्याने कायदेशीररीत्या जमिनीचा प्रत्यक्ष कब्जा असणे, अशी व्याख्या आहे. पाचच वर्षांनी आलेल्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत मात्र कायदेशीर कब्जा असणे पुरे, मग तो प्रत्यक्ष असो वा नसो, अशी व्याख्या केलेली आढळते. एकच क्रियापद, एका कायद्यात त्याला शेतावर पाऊल ठेवावे लागते, दुसऱ्यात लागत नाही. दोन्ही कायद्यांची प्रयोजने भिन्न असल्याने व्याख्या भिन्न असणे समजण्यासारखे आहे. परंतु 'होल्ड' या शब्दातील ही लवचीकता 'धारण करणे' या मराठी शब्दाने वाचकापर्यंत पोहोचत नाही. सामान्य मराठी माणूस वेष धारण करतो, शस्त्र धारण करतो, देव अवतार धारण करतो. जमीन धारण करणे ही प्रतिमा त्याच्या मनात उमटत नाही. उमटलीच तर ती भारदस्त, श्रमविरहित आणि दूरची असते.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहारासाठी मराठी परिभाषा सिद्ध केली, हे कार्य मोठे आणि आवश्यक होते. 'धारक', 'भूधारक', 'शिधापत्रिकाधारक', 'धारणाधिकार' या शब्दांनी कारभाराला एकसूत्रीपणा दिला, हे नाकारता येणार नाही. आक्षेप आहे तो निवडीच्या दिशेवर. 'होल्डर'चा प्रतिशब्द 'होल्ड'च्या फळ्यावरील अर्थावरून, म्हणजे 'धृ' धातूवरून घडविला गेला. जमिनीच्या बाबतीत उपलब्ध असलेली 'कसणे' व 'वाहणे' यांची परंपरा बाजूला राहिली. त्यामुळे शेतात राबणारा आणि शहरात राहून उताऱ्यावर नाव टिकविणारा, हे दोघेही कागदावर सारखेच 'धारक' झाले. हा परिणाम एकट्या शब्दाचा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु भेद दाखवू शकणारे शब्द हाताशी असताना भेद पुसणारा शब्द निवडला गेला, इतके निश्चित म्हणता येते.

६. अध्यापन आणि कोशरचना

या विवेचनाचा वर्गातील उपयोग काय, असा प्रश्न सहकारी प्राध्यापक विचारतील. तो रास्त आहे.

पहिली गोष्ट अशी की, 'होल्ड' शिकविताना एका प्रतिशब्दाऐवजी विद्यार्थ्याला त्यातील काम विचारावे. दोर 'होल्ड' केला तर धरला. श्वास 'होल्ड' केला तर रोखला. जीभ 'होल्ड' करावयाची तर आवरावी. शस्त्र 'होल्ड' केले तर बाळगले. पद 'होल्ड' केले तर सांभाळले किंवा भूषविले. निवडणूक 'होल्ड' केली तर घेतली. न्यायालयाने 'होल्ड' केले तर ठरविले. युक्तिवाद पाणी 'होल्ड' करीत नसेल तर तो टिकत नाही; पण काळी जमीन पाणी 'होल्ड' करते तेव्हा ती खरोखरच पाणी धरते. ही सर्व क्रियापदे विद्यार्थ्याच्या घरातली आहेत. त्यांपैकी एकासाठीही 'आयोजन करणे' किंवा 'धारण करणे' यांची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. इंग्रजीत टाकी दहा हजार लिटर पाणी 'होल्ड' करते. टाकी कर्ता होते. मराठीत टाकीत दहा हजार लिटर पाणी मावते. पाणी कर्ता होते आणि टाकी सप्तमीत जाते. इंग्रजीत माणसे बाजार, जत्रा, सभा 'होल्ड' करतात. मराठीत बाजार भरतो, जत्रा भरते, सभा भरते. अशा ठिकाणी क्रियापद बदलून भागत नाही, वाक्याचा कणाच बदलावा लागतो. 'सभा धरली' असे लिहिणारा विद्यार्थी शब्द चुकलेला नसतो; इंग्रजी वाक्याच्या कण्यावर मराठी शब्द चढवीत असतो, आणि ते आपणच त्याला शिकविलेले असते.

तिसरी गोष्ट कोशांविषयी. मोल्सवर्थने १८३१ मध्ये आणि वाढीव स्वरूपात १८५७ मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा त्याची दिशा मराठीकडून इंग्रजीकडे होती. बोलीतील प्रयोग आधी, त्यांचे इंग्रजी स्पष्टीकरण नंतर. त्याने आरंभिलेला आणि कँडीने पूर्ण केलेला १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश उलट दिशेचा. विद्यार्थ्यांच्या हाती आज बहुधा दुसऱ्या दिशेचे, आणि तेही संक्षिप्त कोश असतात. त्या दिशेने इंग्रजी शब्दाच्या चौकटीत बसणारेच मराठी दिसते. 'बहार धरणे' त्या चौकटीत कधीच येत नाही. महाविद्यालयांतील इंग्रजी आणि मराठी विभागांनी एकत्र येऊन आपल्या तालुक्यातील अशा दहा-वीस क्रियापदांच्या प्रयोगांची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेतली, तर तो प्रकल्प अल्पखर्चिक आणि मोलाचा ठरेल. शेतीची तंत्रे बदलत आहेत. कामाबरोबर कामाचे क्रियापदही जाते.

निष्कर्ष

१. 'होल्ड' या क्रियापदाचा आरंभ गुरे राखण्याच्या अर्थात आहे. अर्थविकासाच्या दृष्टीने त्याचे मराठीतील समांतर 'राखणे' व 'पाळणे' ही क्रियापदे होत.

२. 'धरणे'चा आरंभ आधार देण्याच्या व स्थिर राहण्याच्या अर्थात आहे. म्हणूनच ते कर्त्याच्या अवस्थेवर, पिकावर, पावसावर आणि निदर्शनावरही चालते. 'होल्ड'शी त्याची भेट प्रामुख्याने मुठीच्या अर्थापाशी होते.

३. कायद्याच्या परिभाषेत 'होल्ड'साठी 'धारण करणे' निवडल्याने 'कसणे', 'वाहणे' या श्रमवाचक क्रियापदांतील भेद दाखविण्याची शक्ती वापरात आली नाही.

४. अध्यापनात एक-शब्द-एक-प्रतिशब्द ही पद्धत सोडून कामावरून क्रियापदाकडे जाणे अधिक फलदायी ठरेल.

मराठीत एक म्हण आहे : धरले तर चावते, सोडले तर पळते. इंग्रजी क्रियापदांच्या भाषांतरात आपली अवस्था काहीशी तशीच होते. एक प्रतिशब्द घट्ट धरला तर वाक्य चावते. सोडून दिला तर अर्थ पळतो. अशा वेळी बागेच्या बांधावर बसलेल्या त्या राखणदाराकडून शिकावे. तो घडाला हात लावीत नाही, पण त्याची नजर हलत नाही. 'होल्ड'चा मूळ अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो. तो अर्थ तो रोज रात्री करीत असतो.